क्योनिगश्टाइनचा किल्ला उदास आहे म्हणे!

खडूफळा:

सांजवातताईंच्या लेखाखालीच लिहिणार होतो, पण तिथे 'वा', 'निःशब्द', 'डोळे पाणावले' यांची एवढी रांग लागली आहे की माझं म्हणणं त्यात चेंगरून गेलं असतं. म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई मुलाकडे लंडनला गेल्या होत्या. तिथे नॅशनल गॅलरीत त्यांनी बर्नार्डो बेलोत्तोचं क्योनिगश्टाइनच्या किल्ल्याचं चित्र पाहिलं. जर्मनीतल्या सॅक्सनीचा डोंगरी किल्ला, उत्तरेकडून पाहिलेला. वर तट, बुरूज, छपरं; खाली गुरं आणि गावची माणसं. ताईंच्या मते किल्ला म्हणजे एकटा पडलेला म्हातारा राजा. तटावरची सावली म्हणजे दाराशी आलेलं युद्ध. गुराखी म्हणजे भोळी रयत. आणि त्या उंच मुक्या भिंती म्हणजे आपल्या मुंबईतले बंद फ्लॅट, जिथे शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. शेवट काय, तर 'प्रत्येकाच्या आत एक क्योनिगश्टाइन असतो'.

माझ्या आत नाही बुवा. माझ्या आत ॲसिडिटी आहे आणि ती हे वाचून वाढली.

आता मुद्द्याचं. बेलोत्तो व्हेनिसचा, नामांकित चित्रकार कानालेत्तोचा भाचा, मामाच्याच हाताखाली तयार झालेला. १७४७ साली सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनला गेला, दरबारी चित्रकार झाला, पगार घसघशीत. ऑगस्टस तिसरा, म्हणजे सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा, यानं त्याला क्योनिगश्टाइनची पाच मोठी चित्रं काढायला सांगितली. एकेक चित्र दोन मीटरहून जास्त रुंद. राजा स्वतःच्या किल्ल्याची एवढी चित्रं कशाला काढून घेतो? आल्यागेल्याला दाखवायला, की बघा, माझ्याकडे काय आहे. एल्बे नदीपासून साधारण २४० मीटर उंच, माथा सपाट, चारी बाजूंनी उभा कातळ, लढून कुणालाही कधी घेता न आलेला किल्ला. चित्रकारानं तो असा उभा केलाय की प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक छप्पर ओळखू यावं. याला ऐट म्हणतात. उदासी ताई आपल्या बॅगेतून घेऊन गेल्या होत्या, ती त्यांनी गॅलरीत उघडली.

सावलीचं म्हणाल तर, भरीव वस्तू सपाट कॅनव्हासवर भरीव दिसायची तर एक बाजू अंधारात ठेवावीच लागते. घन, शंकू, दंडगोल. हे पाचवी-सहावीच्या पोरांना शिकवतात. शिकवायचे. मी उभी हयात दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, आणि शेवटी शेवटी माझा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा राहिलेला पोर्शन झाला होता. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसायची ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. मग मोठेपणी ही पोरं गॅलरीत जातात आणि चित्र बघायचं कसं ते ठाऊक नसल्यामुळे चित्रात स्वतःला बघून येतात. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे विरह, भिंत म्हणजे सासरची माणसं.

अर्धाचहा:

सर, ॲसिडिटीवर थंड दूध. बाकी चालू द्या, मी खुर्ची घेऊन बसलोय.

सांजवात:

खडूफळा सर, नमस्कार. माझ्या लेखाला स्वतंत्र धागा दिलात, आभारी आहे. शाळेतही तुम्ही मुलांची चित्रं अशीच भर वर्गात वर धरत असाल.

तुम्ही चित्राची ऑर्डर सांगितलीत, पण चित्र कधी झालं ते गिळलंत. ते १७५६ ते १७५८ मधलं आहे. मी बँकेत आयुष्य काढलं. कागदावरची तारीख आणि सहीची तारीख वेगळी दिसली की आमचा हात थांबायचा. मधल्या काळात काय झालं बघा. ऑगस्ट १७५६ मध्ये प्रशियाचा फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला. सॅक्सनीची फौज पिर्ना आणि क्योनिगश्टाइन यांच्या मधल्या पठारावर कोंडली गेली, दाणागोटा संपला, ऑक्टोबरात तिनं शस्त्रं खाली ठेवली. राजा ऑगस्टस तेव्हा याच किल्ल्याच्या आसऱ्याला होता. त्याच महिन्यात त्याला साठ पूर्ण झाली. मग तो वॉर्साला निघून गेला. ही चित्रं त्याच्या हातात कधी पडलीच नाहीत.

म्हणजे 'एकटा म्हातारा राजा' मी दिवास्वप्नात पाहिला नाही. किल्ला कुणी घेतला नाही, पण राज्य हातचं गेलं. आणि ते माहीत असलेला माणूस स्टुडिओत बसून त्याच किल्ल्याखालची गुरं शांतपणे रंगवतोय. तुम्हाला यात फक्त ऐट दिसते? मला त्या चित्रासमोर उभं राहून पायात गोळे आले तरी हलवेना. लेक दोनदा येऊन 'आई, कॉफी?' विचारून गेला.

आणि सासरची माणसं माझ्या लेखात कुठेही नाहीत. ती तुमची भर.

कातळवेडा:

दोघंही जरा थांबा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की चित्र उत्तरेकडून आहे. तिकडे सूर्य कायम दक्षिणेला कललेला. उत्तरेच्या कड्याला ऊन मिळणार ते सकाळ-संध्याकाळ, कडेनं, तेही उन्हाळ्यात. बाकी वेळ सावलीच. आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये उत्तरेकडच्या फ्लॅटवाल्यांचे कपडे वाळत नाहीत, त्याला कुणी युद्धाचं सावट म्हणत नाही.

दुसरं म्हणजे दगड. तिथला दगड वालुकाश्म, ऊन लागलं की उजळतो. आपला काळा पाषाण ऊन पिऊन टाकतो. राजगडाची संजीवनी माची जुलैत रंगवायला बसा, चित्रकार कितीही आनंदी असू दे, चित्र गंभीरच होणार. तेव्हा अर्धा मूड दगडाचा असतो, हे दोन्ही पक्षांनी लिहून घ्यावं.

आणि त्या चित्रातली खरी गंमत तुम्ही दोघांनीही सोडली. मी प्रत मोठी करून पाहिली. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, ती रेघ शोधा. काही ठिकाणी सापडतच नाही. कड्याच्या बाहेर आलेल्या नाकाडावर भिंत तशीच नाक काढून वर गेलीय, कडा आत वळला की भिंतही आत. माणसानं डोंगराची आज्ञा पाळलीय. हे बघताना मला थेट आपले किल्ले आठवले. फरक एवढाच की आपल्या लोकांनी त्यापुढे जाऊन दरवाजाच लपवला. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. संजीवनीला दुहेरी तट, बाहेरचा पडला तर आतला शाबूत. म्हणजे आपला किल्ला लांबून काढला की वास्तू दिसणारच नाही, नुसता डोंगर दिसेल. म्हणूनच बहुतेक आपल्याकडे किल्ल्याचं चित्र म्हणजे घोडा पुढे, किल्ला मागे पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि आकाश भगवं. किल्ल्याकडे बघतंय कोण?

खडूफळा:

उजेडाचा मुद्दा पूर्ण मान्य, कारण तो मीच मांडला होता, फक्त दिशा न सांगता.

तारखांचं ताईंचं बरोबर. बँकेत होता ते कळतं. पण तारीख कॅनव्हासवर दिसत नाही हो. पाटी झाका आणि चित्र दाखवा. धूर नाही, वेढा नाही, पळणारी माणसं नाहीत. गुरं चरतायत. तुम्हाला आधी इतिहास कळला आणि मग सावली काळी झाली.

सांजवात:

पाटी झाकूनच पाहिलं होतं. चष्मा लेकाच्या घरी राहिला होता. पाटी लेकानं नंतर वाचून दाखवली.

आणि कातळवेडा, उत्तरेला सावली असते हे बेलोत्तोला कळत नव्हतं का? पाच चित्रं काढायची होती, डोंगराला फेरी मारायला तो मोकळा होता. उभं कुठे राहायचं हे त्यानं ठरवलं. निवड केली की अर्थ आलाच.

कातळवेडा:

किंवा तिथे बसायला सपाट जागा होती. बाहेर बसून स्केच करणाऱ्याला विचारा, ऐंशी टक्के 'निवड' बूड टेकायला जागा कुठे आहे यावर ठरते.

मावळा_मुलुंडचा:

'घोडा पुढे आणि आकाश भगवं' यात नेमकं काय खुपलं ते स्पष्ट बोला. जर्मनीतल्या गाईंवर एवढी चर्चा, आणि आपल्या चित्रात महाराज आले की नाक मुरडायचं.

जरा वेगळ्या बाजूनं बघा. रिकामा किल्ला ही कुणाची नजर आहे? कंपनीच्या फौजेतला ग्रिंडले दौलताबादचं चित्र काढतो, ते विलायतेत छापून विकलं जातं. तिथल्या गिऱ्हाइकाला काय हवं असतं? जुनं, भव्य, शांत काहीतरी, ज्याच्या तटावरून आता कुणी गोळी झाडणार नाही. किल्ल्यातून माणूस काढून टाकला की तो देखावा होतो. म्हणून आम्हाला घोडा लागतो, झेंडा लागतो. तो किल्ला कुणाचा हे सांगायला लागतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तेच प्रतीक.

आणि जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, रायगड-राजगडासकट. ते बघायला जग येईल. आपण बसू क्योनिगश्टाइनची छपरं मोजत.

सांजवात:

मावळा, जिंकणाऱ्याच्या नजरेचं तुम्ही बोललात ते मला पटलं. पण बेलोत्तोला पैसे किल्ल्याच्या मालकानं दिले होते, जिंकणाऱ्यानं नाही. आणि त्याच्या चित्रात माणसं आहेत. फक्त ती घोड्यावर नाहीत, गुरांमागे आहेत.

पागोळी:

घोड्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या लॉबीत या.

आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चार वर्षं भाड्याच्या घरात काढून परत आलो तर टॉवरच्या नावाला 'गड' चिकटलेला, आणि वॉचमनच्या टेबलामागे अख्खी भिंत भरून रायगड. निदान खाली तसं लिहिलंय. चित्रात चार गोल मनोरे आहेत आणि प्रत्येकावर आइस्क्रीमचा कोन उलटा ठेवल्यासारखं टोकदार लाल छप्पर. भोवती खंदक. खंदकात बदक. डोंगर नाहीच! पुढे महाराज घोड्यावर, आणि घोड्याला पाच पाय, कारण एक पाय आधी चुकला, तो नीट रंगवून बुजवायचा राहिला. लिफ्टची वाट बघताना मी रोज तो पाचवा पाय बघते. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, 'वहिनी, फील आला पाहिजे, डिटेल कोण बघतो?'

तेव्हा खडूफळा सर, तुमच्या त्या कमी झालेल्या तासांचं फळ आमच्या लॉबीत लटकलंय.

खडूफळा:

पाचवा पाय! फोटो टाका. मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो, खोडरबर हे उपकरण आहे, लाज वाटायचं कारण नाही.

मावळा_मुलुंडचा:

वहिनी, तुमच्या बिल्डरचं खापर आमच्या भावनेवर फोडू नका. माझा मुद्दा उलटा आहे. आपल्याकडे किल्ल्यांची नीट चित्रं नाहीत, मान्य. पण म्हणून किल्ले पडकेच ठेवायचे? मी वाचलंय की दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जमीनदोस्त झालं आणि ते याच बेलोत्तोच्या चित्रांवरून परत उभं केलं. मग रायगडावरचा राजवाडा का नाही उभा राहू शकत? जोत्यांवरून फिरून यायचं आणि 'इथे दरबार होता, इथे राण्यांचे महाल' हे गाइडकडून ऐकून घ्यायचं. कल्पना तरी किती करायची माणसानं?

चुनाविटा:

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत माझा जन्म चाललाय, म्हणून यात पडते. नाहीतर गाईंवर बोलायला आले होते.

वॉर्साचं अर्धं खरं सांगितलंत. बेलोत्तो पुढे वॉर्साच्या दरबारात होता, १७८० मध्ये तिथेच वारला. त्यानं शहराची जी चित्रं काढली ती पुनर्बांधणीला आधार म्हणून वापरली गेली. पण एकट्या चित्रांवर काम झालं नाही. तिथल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी युद्धाआधी इमारतींची मोजणी करून नकाशे केले होते, ते वाचले. आणि गंमत ऐका, बेलोत्तो काही ठिकाणी इमारती 'सुधारून' काढायचा, शोभतील तशा. ज्याला तुम्ही सगळे इथे पुरावा म्हणून नाचवताय तो माणूस हातचलाखीही करत होता. खडूफळा सर, तुमचं 'प्रत्येक कोपरा ओळखू यावा' हेही जरा जपूनच.

आता रायगड. १६७४ ला राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गेला, त्यानं लिहून ठेवलं, चित्र काढलं नाही. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आहे, नकाशा कुठे आहे? वाड्यांचा वरचा भाग लाकडी होता. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि ते जळालं. उरली ती जोती. खांबाची तळखडी कुठे होती हे सांगता येतं. खांब किती उंच, त्यावर नक्षी कोणती, छप्पर किती उताराचं, हे कशावरून ठरवणार? चित्रपटाच्या सेटवरून? की पागोळीच्या लॉबीवरून?

तुम्ही ज्या वारसा यादीचा अभिमान सांगितलात तिचाच नियम आहे की पुन्हा उभारणी करायची तर संपूर्ण कागदोपत्री आधार हवा, अंदाजावर मुळीच नाही. वॉर्साचा जुना भाग त्याच यादीत १९८० ला गेला, आणि तो अपवाद म्हणून गेला.

कातळवेडा:

चुनाविटा, टाळ्या. आणि दुरुस्तीबद्दल पण बोला की. एका किल्ल्यावर, नाव घेत नाही, तटाच्या सांध्यात सिमेंट थापलंय. लांबून बुरूज पट्टेरी दिसतो. एका पावसाळ्यानंतर गेलो तर सिमेंट जसंच्या तसं आणि बाजूच्या दगडाचे पापुद्रे हातात येतायत. खाली कंत्राटदाराच्या नावाचा ग्रॅनाइटचा फलक मात्र चकाचक.

चुनाविटा:

होणारच. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. झिजायचं तर तो झिजतो आणि पुन्हा भरता येतो. सिमेंटचा सांधा पाणी अडवतो, मग ओल दगडातून वाट काढते आणि दगड सोलवटतो. पण चुना म्हणजे भिजत घाला, मुरू द्या, घाण्यात मळा. किल्ल्याकिल्ल्यावर चुन्याचे घाणे पडलेले दिसतात ते उगाच नाही. कंत्राटाची मुदत मार्चअखेर संपते आणि चुन्याला मार्चअखेर कळत नाही.

मावळा_मुलुंडचा:

झालं! रेलिंग नको, दिवे नकोत, सिमेंट नको, वाडा नको. मग काय हवं? तुम्हा ट्रेकर लोकांना किल्ले स्वतःच्या मालकीचे वाटतात. शनिवारी रात्रीची कसारा लोकल पकडायची, फोटो काढायचे, आणि बाकीच्यांनी यायचं नाही.

माझे वडील गिरणीत होते. आयुष्यभर रायगडचं नाव घेतलं, जाणं झालं नाही. गुडघे गेल्यावर मी त्यांना रोपवेनं वर नेलं. समाधीपाशी डोकं टेकवलं, मग जोत्यांपाशी आले आणि मला विचारलं, 'एवढंच उरलं?' काय सांगायचं मी त्यांना? कागदोपत्री आधार नाही म्हणून? तुमच्या त्या नियमात हे बसत नाही, माहितेय.

कातळवेडा:

काकांबद्दल आदर आहे. पण 'ट्रेकर लोक' म्हणून सगळ्यांना एका दोरीत बांधू नका. आम्ही प्रत्येक वेळी पोतं भरून बाटल्या खाली आणतो. त्या बाटल्या ट्रेकरच्या नसतात, रोपवेनं आलेल्यांच्या असतात.

मावळा_मुलुंडचा:

राजगडाला रोपवे कधी झाला? तिथे बाटल्या नाहीत वाटतं?

कातळवेडा:

असतात. बोललो ना, पोतं भरून आणतो.

चुनाविटा:

मावळादादा, तुमच्या वडिलांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. उंची माहीत नसलेला वाडा बांधून दाखवला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, हे मी नाकारणार नाही. फक्त तो हिरोजींचा नसता, कंत्राटदाराचा असता.

पागोळी:

वातावरण तापलंय म्हणून एक गंमत. क्योनिगश्टाइनलाही हिरकणी आहे, फक्त उलटी. १८४८ साली सेबास्टियन आब्राट्स्की नावाचा एक धुराडी साफ करणारा पोरगा कड्याच्या भेगेतून, दोर-बीर काही न घेता, वर चढून किल्ल्यात गेला. पहाऱ्यावरच्यांनी त्याला शाबासकी द्यायच्या ऐवजी अटक केली. त्या भेगेला आज त्याचं नाव आहे. आणि १९४२ साली तिथे कैदेत असलेला फ्रेंच जनरल जिरो दोरावरून उतरून पळाला. आपल्या हिरकणीला तान्ह्या बाळासाठी उतरायचं होतं, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला. गोष्टीत तर गोष्टीत, पण आपल्याकडे साडी-चोळी मिळाली, त्यांच्याकडे बेड्या.

हे वाचल्यावर मी ते चित्र परत पाहिलं आणि भिंतीत सारखी भेग शोधत राहिले. प्रतीक-बितीक नाही, चढता येईल का एवढंच.

अर्धाचहा:

चित्राकडे बघण्याचा आतापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक हेतू.

सांजवात:

बाटल्या, बिल्डर आणि सिमेंट झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ का?

सर म्हणतात चित्रात धूर नाही. धूर बेलोत्तोनं नंतर काढला. १७५८ ला तो व्हिएन्नाला गेला. १७६० ला प्रशियानं ड्रेस्डेनवर तोफा डागल्या, त्यात त्याचं घर गेलं. परत आल्यावर त्यानं पडलेल्या क्रॉइझकिर्शेचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, चित्र काढलं, १७६५ मध्ये. ढिगारा, उभा चिरलेला मनोरा, आणि मनोऱ्यावर चढलेली इवलीशी माणसं. तेही तितक्याच स्वच्छ उजेडात, तितक्याच नेटक्या रेघांत. म्हणजे हा माणूस दुःखातही हात थरथरू देत नाही. मग 'रेघ नेटकी आहे, म्हणून दुःख नाही' हा तुमचा युक्तिवाद कुठे राहिला?

खडूफळा:

ताई, हा मुद्दा चांगला आहे. चांगला आहे म्हणूनच त्यातली चोरी दाखवतो. १७६० ला गेलेल्या घराचं दुःख १७५८ ला संपलेल्या चित्रात शिरणार कसं? तुम्ही बँकवाले आगाऊ व्याज कापता, तसं दुःखही आगाऊ?

पण ते क्रॉइझकिर्शेचं चित्र मी पुन्हा काढून बघत बसलो, अर्धी रात्र गेली. तुमचं एवढं खरं की त्याच्या बाबतीत मूड उजेडावरून आणि रेघेवरून ठरवता येत नाही. तो मूड माणसांच्या आकारात असतो. किल्ला दोन हात आणि माणूस नखाएवढा. ढिगारा दोन हात, माणूस तरी नखाएवढाच. पण त्याच्या माणसांना आपण लहान आहोत याची खंत नाही. कुणी वर बघत नाही. सगळे आपापल्या कामात. मी याला उदासी म्हणणार नाही. तुम्ही म्हणा. 'भोळी रयत' मात्र परत घ्या. गुराख्याला सगळं कळतं, फौज आली की पहिली त्याचीच गुरं जातात.

सांजवात:

'भोळी' परत घेतली. 'एकटा राजा' ठेवते.

खडूफळा:

ठेवा. त्या पाचातली दोन चित्रं किल्ल्याच्या आतली आहेत, मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत. लेकाला सांगा तिकीट काढ. आतूनही राजाच दिसतो का ते बघून या, आणि या वेळी चष्मा न्या.

सांजवात:

लेक म्हणतो, तिकडच्या ट्रेनचं भाडं ऐकलंस तर आई, तू इथूनच उदास होशील.

मावळा_मुलुंडचा:

पोटल्याच्या डोंगरावरून किंवा दुसरीकडून कुणी रायगडाचं असं नीट, दगड न् दगड मोजून काढलेलं जुनं चित्र पाहिलं असेल तर इथे टाका. वडिलांच्या खोलीत लावायचंय. घोडा नसला तरी चालेल.